बारीक चणीची

त्या बाईनं माझा हात कोपरात वाकवून धरला तेव्हा मला वाटलं, कॅलिपर कसा वापरतात एवढंच ती दाखवतेय. आमच्या प्रयोगशाळेत कुणी कशाचं माप घ्यायला येत नाही. दुसरे लोक ज्या साधनांनी मापं घेतात ती साधनं खरं बोलतात का, एवढंच आम्ही तपासतो. बाजारातले तराजू येतात, औषध कंपन्यांची वजनं येतात, कारखान्यांतले व्हर्नियर येतात. हा कॅलिपर एका हॉस्पिटलच्या आहार विभागातून आला होता. दोन रुंद चपटे जबडे, मध्ये सरकपट्टी, त्यावर मिलिमीटरच्या रेघा. मी त्यात एकामागून एक पोलादी ठोकळे धरून पाहिले होते, आणि त्यानं एकदाही चूक केली नव्हती. ती आहारवाली बाई स्वतःच घेऊन आली होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी, बडबडी. म्हणाली, "म्हणजे हाडाचं माप बरोबर देतो ना?" मी म्हणाले, "पोलादाचं बरोबर देतो. हाडाचं तुमचं तुम्ही बघा." ती खळखळून हसली. "बघूया की. आणा हात." कोपराच्या दोन बाजूंना हाडाचे दोन उंचवटे असतात, त्यांवर तिनं जबडे टेकवले आणि मिटत आणले. पोलाद गार होतं. माझ्या हातावर दाबून बाजूला सारण्यासारखं काही नव्हतंच, तरी सवयीनं तिनं दाबलं. "सात सेंटिमीटर," ती म्हणाली. "उंची?" मी सांगितली. "अगंबाई, चण मोठी आहे हो तुमची! बायकांत सहा ते पावणेसात म्हणजे मध्यम. सात म्हणजे चांगलीच मोठी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आधी गळ्याच्या हाडांकडे, मग मनगटाकडे, मग खाली बुटांपर्यंत. रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर येत नसेल तर आम्ही तराजूकडे असं बघतो. आवाज उतरवून म्हणाली, "मध्यंतरी आजारी होतात का?"

मी "हो" म्हणाले. ते खोटं नव्हतं. फक्त ते मध्यंतर सात वर्षांचं झालं होतं.

साहेबांची सही शनिवारी होणार होती, म्हणून कॅलिपर ठेवून ती गेली. मी तो पेटीत घातला, पेटी खणात ठेवली, आणि संध्याकाळी निघताना खणातून काढून पिशवीत टाकली. असं करायचं नसतं. बसमध्ये खिडकीशी उभी राहिले तेव्हा पिशवीतली ती पेटी मांडीला लागत होती आणि माझ्या डोक्यात आईचं एक वाक्य चालू होतं, बंद नळातून पाणी ठिबकत राहावं तसं. चणच बारीक तिची. आईनं ते एकदाच म्हटलं होतं. चहाचा ट्रे माझ्या हातात होता, आणि आता सासरची असलेली मंडळी मला बघायला पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. मी नुकतीच टायफॉइडमधून उठले होते. केस गळलेले, गाल आत गेलेले, कपडे पिना लावून मागं ओढलेले. सासूबाई, तेव्हा अर्थात त्या सासूबाई नव्हत्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती गं नाजूक! आमच्या घरात सगळे हत्ती, हे एक पाखरू शोभून दिसेल." आजाराचं सांगायचं नाही असं आधी काही ठरलेलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण सासूबाई प्रेमानं बघत होत्या, आणि आईला त्या प्रेमाचा मोह पडला. ती म्हणाली, "चणच बारीक तिची." बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्या दोनच महिने आधी माझं वजन एकसष्ट किलो होतं आणि कॉलेजच्या संघात मी गोळाफेकीला होते. गोळाफेकीची ढाल दिवाणखान्यातल्या कपाटावर होती. ती त्या दिवशी कपाटावर नव्हती, हे मला पाहुणे गेल्यावर दिसलं. म्हणजे कुणीतरी काहीतरी ठरवलेलंच होतं.

नंतर आई म्हणाली, "लग्न होईपर्यंत सांभाळ. मग हळूहळू सुटतातच बायका." तिला ते सोपं वाटत होतं. पण मला पाखरू म्हणूनच नेलं होतं. घरात पाऊल टाकल्या दिवसापासून नणंदेनं माझं नाव चिमणी ठेवलं, आणि आता मला खऱ्या नावानं फक्त ऑफिसात हाक मारतात. सगळ्यांना माझं कौतुक. माझ्या चपला शेजारणीला दाखवायच्या (त्या लहान नाहीत, पण नणंदेच्या चपलांशेजारी तशा दिसतात), मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले की "बघा, एका उशीवर मावते," म्हणायचं. नवरा माझं मनगट अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरायचा. बोटं एकमेकांवर चढायची, आणि तो सगळ्यांना दाखवायचा, "बघा, चढतात! म्हणजे हाडच बारीक." या कसोटीत मोजली जाते ती धरणाऱ्याच्या बोटांची लांबी, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याची बोटं लांब आहेत. माझं एकसष्ट किलोचं मनगटही त्याच्या बोटांत मावलं असतं, जेमतेम. पण तो असा हसून बघायचा की अंगावर मूठभर मांस चढायचं. तेवढंच चढायचं. बाकी मी चढू देत नव्हते.

न जेवणं ही गोष्ट लोकांना वाटते तितकी अवघड नाही. जेवायच्या टेबलावर सगळ्यात बिनपाहिलेला माणूस म्हणजे वाढणारा. सतत उठायचं, पाणी आणायचं, मीठ आणायचं, "तुम्ही घ्या, मी घेतेय" म्हणायचं. ताटात थोडं पसरून वाढायचं, म्हणजे भरल्यासारखं दिसतं. घास लहान, चावणं लांब. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर म्हणायचं, आज तिकडे काहीतरी होतं, खूप झालं. ऑफिसात म्हणायचं, घरून खाऊन निघाले. दोन्हीकडच्या लोकांची गाठ पडत नाही, हे शहराचे फार मोठे उपकार आहेत. पहिली दोन-तीन वर्षं पोटात कावळे ओरडायचे. नंतर कावळे थकले, आणि एक स्वच्छ, हलका, धारदार प्रकार सुरू झाला. सकाळी तराजूसमोर बसलं की काट्याची थरथर मला इतरांच्या आधी दिसायची. थंडी मात्र फार वाजायची. हातांवर बारीक लव आली. जिना चढताना गुडघ्यांत काहीतरी रिकामं हलायचं. आणि मधेच, कारण नसताना, रस्त्यावर एखादा माणूस उभ्याउभ्या ब्रेड खाताना दिसला की माझे डोळे भरून यायचे. दुःखानं नाही. डोळ्यांना तोंडासारखं पाणी सुटायचं, असं मला वाटतं. याचं शास्त्रीय कारण मला सापडलेलं नाही.

आणि या सगळ्याच्या शेजारी नणंद. ती नवऱ्याहून मोठी, शाळेत भूगोल शिकवते, मला ती मनापासून आवडते आणि तिच्याशेजारी बसून जेवायला मला भीती वाटते. तिचं वजन अठ्ठ्याऐंशी. गुडघे दुखतात. जिन्याच्या मधल्या वळणावर ती दम खायला थांबते आणि खालून कुणी येत असेल तर पर्समध्ये किल्ली शोधल्यासारखं करते. वर्गात पोरं मागं काय म्हणतात ते तिला माहीत आहे. "म्हणू देत," ती म्हणते, "पोरांना काय कळतंय? आमचं हाडच मोठं. मी उपाशी राहिले तरी हाडं कुठं बारीक होणारेत?" हे तिनं एकटीनं शोधून काढलेलं नाही. हा घराण्याचा वारसा आहे. सासरे दारात उभे राहिले की खोलीत अंधार व्हायचा म्हणे. त्यांच्या फोटोपुढे उभं राहून सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "हाडापेरानं माणूस! डॉक्टर म्हणायचे वजन उतरवा. अहो, हाडं काय उतरवणार?" सासरे हृदयविकारानं गेले. तेव्हाही कुणीतरी म्हटलं होतं, एवढ्या मोठ्या देहाला हृदय पुरलं नाही. या घरात जड माणूस जड नसतो, मोठ्या हाडाचा असतो. हलकं माणूस उपाशी नसतं, बारीक चणीचं असतं. प्रत्येकाला त्याचं त्याचं हाड वाटून दिलेलं आहे.

हाडांचं वजन किती असतं, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी वाचून काढलं होतं. सवय आहे, एखादी गोष्ट कुणी दोनदा म्हटली की तिचं माप शोधायचं. माणसाचा सांगाडा, जिवंत, ओला, मज्जेसकट धरला तरी सात-आठ किलोंच्या आसपास. मोठ्या चणीचा आणि लहान चणीचा फरक दोन-तीन किलोंचा. मोठ्या सांगाड्यावर स्नायू थोडे जास्त बसतात, तेही धरू. तरी नणंदेचे अठ्ठ्याऐंशी त्यातून निघत नाहीत, आणि माझे त्रेचाळीसही निघत नाहीत. चण थोडंसं सांगते. बाकीचं सगळं घर सांगतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. नणंदेला तर नाहीच. कारण तिचं हाड मी काढून घेतलं असतं तर तिनं माझ्याकडे वळून विचारलं असतं, मग तुझं काय गं, चिमणे?

पण आता विचारणारं दुसरंच काही होतं. पाळी थांबून वर्ष उलटलं होतं. मूल हवं होतं; त्यांना हवं होतं, आणि मलाही. मला ते इतकं हवं होतं की बसमध्ये दुसऱ्यांच्या मुलांकडे मी बघायचंच टाळत होते. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. केबिनमध्ये सासूबाई माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. "जेवण व्यवस्थित आहे ना?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून गेलं. "खाते हो भरपूर. पण अंगाला लागत नाही. चणच तशी, आईच सांगायची तिची." मी मान हलवली. बाहेर वीस बायका बसलेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, थोडं वजन वाढलं तर बरं, पण चण असेल तर असेल, आपण इंजेक्शनं सुरू करू. येत्या सोमवारपासून. रोज एक, पोटात. सासूबाई घरी येताना म्हणाल्या, "चिमणीच्या पोटात घरटं लहानच असणार. टोचून घे, होईल सगळं." म्हणजे मी जे शरीर भाताच्या चार घासांना महाग केलं होतं, त्याला आता सुया टोचून विचारणार होते, तू का देत नाहीस? आणि मी गप्प बसले तर ते बिचारं आणखी एकदा माझ्या वतीनं खोटं बोलणार होतं. सोमवार तीन दिवसांवर होता. आणि सात हा आकडा होता. माणसांच्या म्हणण्याला मी सात वर्षं मान हलवत आले, पण आकड्याशी हुज्जत घालायची मला सवय नाही.

जेवणं झाली तेव्हा मी पेटी टेबलावर ठेवली. नवरा टीव्हीचा आवाज कमी करून आला. "काय आणलंस? पाना आहे का?"

"चण मोजायचं यंत्र आहे," मी म्हणाले. "हॉस्पिटलचं. कोपराची रुंदी बघतात, त्यावरून कळतं हाड केवढं आहे."

नणंदेचे डोळे चमकले. "खरंच? असं यंत्र असतं? मग हे त्या ऑर्थोपेडिकच्या तोंडावर मारता येईल. वजन कमी करा, वजन कमी करा, एकच तुणतुणं. मोज बाई, मोज माझं आधी!" तिनं बाही वर सारली. सासूबाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. "हे गेले, नाहीतर यंत्र मोडलं असतं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही सगळे हसलो. ती संध्याकाळ खूप चांगली होती, हे सांगायला हवं. खिडकी उघडी होती, समोरच्या इमारतीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं, आणि आम्ही चौघं एका दिव्याखाली डोकी जवळ आणून बसलो होतो.

मी नणंदेचा हात वाकवला, जबडे टेकवले. न दाबता. "सहा पॉइंट सहा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मध्यम. मोठ्याच्या अगदी जवळ."

"बघ!" ती भावाच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली. "मोठ्याच्या जवळ! मी म्हणत नव्हते?"

इथं थांबता आलं असतं. तिच्या कोपरावर दोन्ही बाजूंनी मऊ थर होता आणि कॅलिपर त्या थरालाच हाड समजत होता. चण मोजणारे बरेच जण हीच चूक करतात. हळुवार हातानं माप घेतात, मग जाड माणसाचं हाड जाड निघतं आणि मग म्हणतात, बघा, हाड मोठं म्हणून वजन जास्त. वजनानंच वजनाची साक्ष काढायची. मऊ वस्तू मोजताना कठीण लागेपर्यंत दाबायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण नणंदेचा हात माझ्या हातात होता, ऊबदार, विश्वासानं सैल सोडलेला. ती आनंदात होती. तिला आणखी चार वर्षं या आकड्यावर काढता आली असती. मी का दाबलं, हे मी स्वतःला नंतर बरेचदा विचारलं आहे. शिस्त म्हणून, असं उत्तर येतं. पण त्या उत्तराच्या खाली आणखी काहीतरी लागतं. इतकी वर्षं ती माझ्यासमोर जेवत होती, मिटक्या मारत, दुसऱ्यांदा वाढून घेत, आणि बोटं चाटून म्हणत होती, आमचं हाडच मोठं.

"थांब, नीट घेते," मी म्हणाले आणि दाबलं.

"अगं, दुखतंय! दाबतेस काय?"

"हाड लागायला हवं." जबडे आत गेले, आणखी आत, आणि मग थांबले. मी आकडा दोनदा वाचला. "पाच पॉइंट सात."

"वाढलं की कमी झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"कमी. ताईंची चण लहान आहे."

नवरा हसायला लागला, एकटाच. "ताई, बारीक चणीची!" तो म्हणाला. "अगं, म्हणजे चिमणी तू!" नणंद हसली नाही. ती आपल्या कोपराकडे बघत होती. जबड्यांचे दोन पांढरे ठसे हळूहळू लाल होत होते.

"आता माझं," मी म्हणाले. हात वाकवला, आणि कॅलिपर नवऱ्याच्या हातात दिला. "तूच घे. तूच वाच." त्यानं जबडे लावले. दाबायला काही नव्हतं. वाकून बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं.

"वाच की," सासूबाई म्हणाल्या.

"सात येतंय."

"सात काय?"

"सात. सेंटिमीटर."

"हिचं माझ्यापेक्षा मोठं?" नणंद म्हणाली.

"उलटं धरलं असशील," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर यंत्रच बिघडलेलं."

"यंत्र बरोबर आहे, आई. आजच तपासलंय."

"कुणी तपासलं?"

"मी."

"मग झालं तर!" सासूबाई म्हणाल्या आणि हसल्या, आणि मला त्यांची दया आली, कारण तो त्या संध्याकाळचा त्यांचा शेवटचा विनोद होता आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मी बोलले. मनात मी ते कित्येकदा बोलले होते, त्यात कारणं होती, अश्रू होते, क्षमा होती. तोंडातून आलं ते अगदी कोरडं आलं. मी म्हणाले, "माझी चण बारीक नाही. तुम्ही आलात तेव्हा मी टायफॉइडमधून उठले होते. त्याआधी माझं वजन एकसष्ट होतं. तेव्हापासून मी पोटभर जेवलेले नाही. तुम्हाला वाटतं मी जेवते, मी जेवत नाही. पाळी त्यामुळे थांबलीय. सोमवारी मला इंजेक्शनं नकोत. मला जेवायचंय."

फ्रिज घरघरला आणि बंद पडला. समोरच्या इमारतीतलं माणूस कपडे वाळत घालून आत गेलं. मला वाटत होतं, आता कुणीतरी माझ्याजवळ येईल. नेमकं कोण ते ठरवलं नव्हतं, पण हे वाटणं इतकं पक्कं होतं की मी खुर्चीत थोडी सरकलेही, जागा केल्यासारखी.

"म्हणजे फसवलंत तुम्ही आम्हाला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब लागला की आवाजाला एक सपाटपणा येतो, तो होता. "तुझ्या आईनं तोंडावर सांगितलं मला. चणच बारीक. मी हजार जणींना सांगितलं ते. त्या डॉक्टरणीला सांगितलं. सात वर्षं मी तोंड वर करून सांगतेय, आणि तू शेजारी बसून मान हलवतेस."

"आई, ती आजारी आहे," असं नवरा म्हणेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता. दंडांकडे, मग खांद्यांकडे, मग टेबलाखाली माझ्या मांड्या असतील तिकडे. "एकसष्ट?" तो म्हणाला. एवढंच. राहिलेले अठरा किलो नेमके कुठं कुठं बसतील, ते तो मनात लावून बघत होता, आणि ते त्याला आवडत नव्हतं. त्याच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे पहिल्यांदाच काही उरलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच तो मला अनोळखी बाईकडे बघावं तसं बघत होता.

नणंदेनं बाही खाली ओढली. बटण लावायचा प्रयत्न केला, ते लागेना. "माझं राहू दिलं असतंस," ती म्हणाली. "आधीचा आकडा बरा होता. दाबलंस कशाला?" तिनं बटण तसंच सोडून दिलं. "तुझं सांगायचं होतं ना तुला? मग तुझं सांगायचं. तू उपाशी राहिलीस म्हणून तुला आता सगळे खायला देतील. मला काय देतील? मला आता एवढंच म्हणतील, खादाड." तिचा आवाज चिरकला. "माझी हाडं घेतलीस गं तू. त्यांचा तुला काय उपयोग?" नवरा म्हणाला, "ताई, जाऊ दे." आज पहिल्यांदाच कुणीतरी कुणालातरी समजावत होतं, आणि ती मी नव्हते.

सासूबाई उठल्या. मला वाटलं फोन करायला उठल्या, आईला. त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात भाताचं पातेलं होतं, दुसऱ्या हातात भाजीचं. माझं धुतलेलं ताट त्यांनी बगलेत धरून आणलं होतं. ताट माझ्यासमोर ठेवलं, कॅलिपर हातानं बाजूला सारला, आणि वाढलं. एवढा भात मी सात वर्षांत एका ताटात पाहिला नव्हता. त्यावर भाजी, दोन डाव. भात गार होता, भाजीवर तेलाचा पातळ पडदा आला होता.

"खा," त्या म्हणाल्या. "जेवायचंय ना? जेव."

त्या समोर बसल्या. नवरा बसला. नणंद जाईल असं वाटलं होतं, पण तीही बसली, एक हात दुसऱ्या कोपरावर ठेवून. मी घास घेतला. मला वाटलं होतं घशाखाली उतरणार नाही. रडू येईल, किंवा उलटी होईल, आणि मग त्यांना दिसेल मी किती आजारी आहे. तसं काही झालं नाही. भात गोड होता. गार, चिकट, मिठाचा, गोड. दुसरा घास मी पहिला गिळायच्या आत घेतला. शरीराला लाज नसते, त्याला कोण बघतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. ते माझ्या हाताला खाली नेत होतं आणि वर आणत होतं. बोटं भरली, हनुवटीला शीत चिकटलं, नाकातून श्वास घ्यायचा आवाज येऊ लागला आणि तो मलाच ऐकू येत होता. सुगंधी, तुपकट असं काही नव्हतं त्यात, शिळा होऊ घातलेला भात होता, आणि माझ्या कानशिलांपर्यंत ऊब चढत होती. सात वर्षं मी ज्याच्याशी भांडत होते ते इतकं साधं होतं.

"बघ," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "बघून घे कशी खाते."

त्यानं पाहिलं, आणि मग दुसरीकडे पाहिलं. नणंद मात्र माझ्या हाताकडेच बघत होती, ताटातून तोंडाकडे, तोंडातून ताटाकडे. शाळेच्या जिन्यावर तिच्याकडे लोक बघत असतील तसं. तिच्या चेहऱ्यावर किळस होती, आणि त्या किळशीतच सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. आता या घरात खाताना बघायला दुसरं कुणीतरी मिळालं होतं.

ताट रिकामं झालं. मी ते पुढं केलं आणि म्हणाले, "अजून वाढा." सासूबाईंचा हात पातेल्याच्या कडेवर होता, तो हलला नाही. कुणाचाच हलला नाही. मग मी उठले, त्यांच्या हाताखालून पातेलं ओढून घेतलं, आणि उभ्यानंच माझं मी वाढून घेतलं.